जबाबदारी तिची, सही त्याची

सातारा जिल्हा परिषदेने २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक सामूहिक नामकरण घडवून आणले. नाव घ्यायला आलेल्या मुली पाळण्यातल्या नव्हत्या. कित्येक जणी शाळेत जाणाऱ्या होत्या, काही तर वयात आलेल्या. एकूण २८५ जणी. आईवडिलांनी त्यांची नावे ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली होती. लागोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. शाळेत हजेरी घेताना रोज तेच नाव पुकारले जायचे आणि मुलगी रोज ‘हजर’ म्हणायची. त्या दिवशी या मुलींनी ते नाव टाकले आणि नवे नाव घेतले.

याच मुलखातली दुसरी एक जुनी रीत आठवा. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नवसासायासाने झालेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावे ठेवत. नाव हलके असले की दृष्ट लागत नाही, काळाचे लक्ष जात नाही, ही त्यामागची भावना. मुलाला हलके नाव, तो जगावा म्हणून. मुलीला हलके नाव, तिच्यासारखी आणखी कोणी येऊ नये म्हणून. ओसरी तीच, आजी तीच, रीतही वरवर तीच. पण एका नावात माया होती आणि दुसऱ्यात नकार.

समतेतला दुटप्पीपणा ओळखण्याची पद्धत यापेक्षा अवघड नाही. प्रसंग तोच ठेवायचा, फक्त बाईच्या जागी पुरुष ठेवून पाहायचा. शिक्षण, मतदान, नोकरी, ग्रामपंचायतीतले निम्मे आरक्षण या बाबतींत महाराष्ट्राने खरोखरच बरीच वाट चालली आहे. पण विषय देहाचा निघाला, मूल हवे की नको, किती हवीत, ऑपरेशन कोणाचे, कुंकू कोणी पुसायचे, की हीच कसोटी आपल्याला अडचणीत आणते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ती लावून पाहण्यासारखी आहे, कारण इथे मागासलेपणाची सबब चालत नाही.

सुबत्तेच्या पट्ट्यातली तूट

कृष्णा, कोयना, वारणेच्या पाण्यावर उभा राहिलेला हा पट्टा. साखर कारखाने, दूध संघ, द्राक्षबागा, हळदीची पेठ, शिक्षणसंस्था. मिरज तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. तरीही २०११च्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? देशात ९१४, महाराष्ट्रात ८८३, साताऱ्यात ८८१ आणि सांगलीत ८६२. त्याआधी, २००१ साली, सांगलीचा आकडा ८५१ होता. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राचाच आकडा ९४६वरून ९१३वर घसरला होता.

निसर्ग मुळातच थोडे अधिक मुलगे जन्माला घालतो. साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली, म्हणजे हजारामागे सुमारे ९५० मुली. त्याखालची तूट माणसाने केलेली. तिचा काही भाग जन्मानंतरच्या हेळसांडीतून येतो: मुलीला दवाखान्यात उशिरा नेणे, तिच्या ताटात कमी वाढणे. पण नव्वदच्या दशकात आकडा ज्या वेगाने कोसळला, त्याचे मुख्य कारण सोनोग्राफीचे यंत्र होते.

हे गरीब भागात न होता सधन भागात का झाले? पूर्वी मुलगा हवा म्हणून घरात पाच-सहा बाळंतपणे होत. मुली जन्मत, नकोशा म्हणून वाढत, पण जन्मत. पुढे ‘दोनच पुरे’ हे सुशिक्षित, बागायतदार घरांनी आधी स्वीकारले. मुले दोनच आणि त्यांतला एक मुलगा हवाच, असा हिशोब ठरला की निसर्गावर सोडून चालत नाही. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या वेळी ‘बघून घ्यायचे’. त्यासाठी हातात पैसा लागतो, गाडी लागते, ओळखीचा डॉक्टर लागतो. हे सगळे सधन पट्ट्यात होते. घर लहान करण्याचा विचार आधुनिक होता. त्या लहान घरात जागा कोणाला द्यायची, याचा विचार मात्र जुनाच राहिला.

त्याच्या मुळाशी जमीन आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हिस्सा दिला; केंद्राचा तसा कायदा २००५ साली आला. प्रत्यक्षात बहिणींना तलाठी कार्यालयात किंवा दुय्यम निबंधकाकडे बोलावले जाते ते हक्कसोडपत्रावर सही करायला. सही केली नाही तर माहेर तुटते. वंश मुलाने चालवायचा, म्हातारपणी मुलाने सांभाळायचे आणि म्हणून जमीनही मुलाला, हे गणित जोवर सुटत नाही तोवर गर्भातली मुलगी घराला तोट्याची वाटत राहणार.

मुलगी झाल्याचा दोष पुन्हा बाईलाच. शाळेच्या पुस्तकात असते की आईकडून येणारे गुणसूत्र नेहमी क्ष असते आणि बापाकडून क्ष किंवा य. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. दहावी झालेल्या प्रत्येकाने हे वाचलेले असते. तरीही ‘हिला पोरीच होतात’ हे वाक्य सुनेबद्दल बोलले जाते. ‘ह्याला पोरीच होतात’ असे जावयाबद्दल कोणी बोलत नाही.

म्हैसाळ

मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यातले म्हैसाळ हे गाव सबंध देशाच्या बातम्यांत आले. दोन मुलींची आई असलेली एक तरुण विवाहिता तिसऱ्या खेपेला गर्भपात करताना दगावली. तिच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांनी गावाजवळच्या ओढ्याकाठी उकरले, तेव्हा पिशव्यांत पुरलेले १९ गर्भ सापडले. दवाखाना होमिओपॅथीच्या डॉक्टरचा होता. लिंग तपासणीचे धागे सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या कागवाड आणि विजापूरपर्यंत गेले. तपासणी एका राज्यात, गर्भपात दुसऱ्या राज्यात, मधे दलाल. अशी साखळीच तयार झाली होती.

त्या १९ गर्भांची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण प्रकरण उघडकीला आले ते एका जिवंत बाईच्या मरणामुळे, हे फार लवकर विसरले गेले. तिला मुलगा हवा होता की घराला, तिला विचारले होते का, पाचव्या-सहाव्या महिन्यात असा गर्भपात करताना जीव जाऊ शकतो हे तिला कोणी सांगितले होते का? मुलगा झाला असता तर पेढे घराने वाटले असते. धोका एकटीच्या अंगावर होता.

याविरुद्धची लढाईही याच मातीतून उभी राहिली. साताऱ्यात अॅड. वर्षा देशपांडे यांनी १९९० साली दलित महिला विकास मंडळ सुरू केले आणि पुढे ‘लेक लाडकी’ अभियान. त्यांची पद्धत धाडसाची होती. गरोदर कार्यकर्तीला गिऱ्हाईक म्हणून डॉक्टरकडे पाठवायचे, ध्वनिचित्रण करायचे आणि रंगेहाथ पकडून न्यायालयात उभे करायचे. डॉक्टर उघड बोलत नसत. मुलगा असेल तर ‘पेढे वाटा’, मुलगी असेल तर ‘जिलेबी’, अशा खुणा चालत. या कामांत स्वतःचे वाढलेले पोट घेऊन साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकांचे ऋण मोठे आहे. वर्षाताईंना २०२५चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, तेव्हा साताऱ्याच्या या कामाची नोंद जगाने घेतली.

फॉर्म एफ आणि नवऱ्याची सही

गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ सालचा. मुंबईतल्या स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यासाठी चळवळ केली होती. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ साली तो कडक करण्यात आला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते आणि प्रत्येक गरोदर बाईचा ‘फॉर्म एफ’ भरला जातो.

हा फॉर्म जरा जवळून वाचावा. त्यात बाईचे नाव, वय, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, तपासणी कशासाठी, हे सगळे असते. शेवटी तिचे निवेदन असते: मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. खाली तिची सही किंवा अंगठा. नवऱ्याने, सासूने, सासऱ्याने असे काही लिहून द्यायचे नसते.

खुद्द कायद्याला मात्र घराची वस्तुस्थिती ठाऊक आहे. याच कायद्याच्या कलम २४मध्ये म्हटले आहे की, उलट सिद्ध होत नाही तोवर न्यायालयाने असेच गृहीत धरावे की बाईला ही तपासणी नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी करायला भाग पाडले. म्हणजे दडपण कोणाचे असते, हे संसदेने जाणले होते. तरी आश्वासन लिहून घेतले जाते ते जिच्यावर दडपण आहे तिच्याकडूनच.

आता दुसरा कागद. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठीही सरकारी नियमांत जोडीदाराच्या संमतीची अट नाही. पण एखाद्या दवाखान्यात एकटी बाई गर्भपातासाठी गेली, तर पहिला प्रश्न येतो, ‘मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल.’ नवऱ्याने नंतर येऊन गोंधळ घालू नये म्हणून डॉक्टर ही सही मागतात. म्हणजे नवऱ्याच्या भीतीचा भार पुन्हा बाईवर. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात कायद्यात नसलेल्या अशा जादा अटींवर स्पष्ट बोट ठेवले आहे. २०१७ साली बायकोने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्या नवऱ्याची मागणीही न्यायालयांनी मान्य केली नाही. कायदा स्पष्ट आहे. टेबलावरची वागणूक वेगळी आहे.

हक्कसोडपत्र, फॉर्म एफ आणि गर्भपाताचा अर्ज हे तीन कागद शेजारी ठेवले की दुटप्पीपणाचा नकाशाच समोर येतो. जिथे सोडून द्यायचे किंवा जबाबदारी घ्यायची, तिथे तिची सही पुरेशी असते. जिथे ठरवायचे असते, तिथे ती पुरत नाही.

फास दुसऱ्या बाजूनेही आवळला जातो

गर्भलिंग निदान थांबवायचे म्हणजे गर्भपातच थांबवायचा, अशी गल्लत महाराष्ट्रात फार झाली. लिंग निवडणे बेकायदेशीर आहे. गर्भपात कायद्याच्या चौकटीत कायदेशीर आहे: २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. पण मोहिमांच्या पोस्टरवर सुरी, रक्त आणि रडणारे बाळ आले आणि गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरली. धाडसत्र सुरू झाले की औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद करतात. गर्भाचे लिंग बाराव्या-चौदाव्या आठवड्यापासून दिसू लागते, म्हणून बाराव्या आठवड्यानंतर आलेल्या प्रत्येकीकडे डॉक्टर संशयाने पाहू लागतात. पहिली मुलगी असेल तर जास्तच.

याचा फटका कोणाला बसतो? पैसेवाले घर शेजारच्या राज्यात जाऊन काम उरकते. अडकते ती निराधार बाई, अविवाहित मुलगी, दूध पाजत असताना पाळी आली नाही म्हणून दिवस गेल्याचे उशिरा कळलेली मजूर. कायदेशीर दार बंद झाले की ती म्हैसाळसारख्या दवाखान्याच्या दारात जाते. मुलींना वाचवण्याच्या नावाने बाईला मारण्याचा हा मार्ग आहे.

वरवर पाहता ‘मुलगी पाड’ आणि ‘गर्भ पाडू नको’ ही दोन विरुद्ध टोके आहेत. पण दोन्ही हुकूम बाहेरूनच येतात. एक सासरहून येतो, दुसरा व्यवस्थेकडून. तिला काय हवे, हा प्रश्न दोन्हींत नाही.

मुलगी का वाचवायची, याची आपण दिलेली कारणेही तपासायला हवीत. ‘मुलगी नसेल तर सून कुठून आणाल?’ ही घोषणा भिंतीभिंतीवर दिसली. डिसेंबर २०२२मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. त्यांची व्यथा खरी होती. गर्भलिंग निदान रोखा ही मागणीही रास्त होती. पण मुलगी जगावी ती कोणाची तरी बायको होण्यासाठी, हा विचार नकोशी या नावापासून फार दूर गेलेला नाही. मुलगा कोणाचा तरी नवरा व्हावा म्हणून जन्माला घाला, असे कोणी म्हणत नाही. तो नुसता असणे पुरेसे असते. मुलीसाठीही तेवढे पुरेसे असायला हवे.

ऑपरेशन कोणाचे?

दुसऱ्या मुलानंतर घरात ऑपरेशनचा विषय निघतो, तेव्हा ते कोणाचे याची चर्चासुद्धा होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे ४९ टक्के बायकांचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. देशाचे चित्र तेच: ३७.९ टक्के आणि ०.३ टक्के.

वैद्यकीय दृष्टीने हे उलटे आहे. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावे लागते किंवा दुर्बिणीसाठी पोटाला छेद घेऊन आत वायू भरावा लागतो. गर्भनलिका पोटाच्या आत असतात. पुरुषाच्या वीर्यनलिका त्वचेच्या लगेच खाली असतात. बिनटाक्याची नसबंदी ही पद्धत चीनच्या डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली शोधली. जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडायचे, दोन्ही नलिका त्यातून बाहेर काढून बांधायच्या व कापायच्या. पंधरा-वीस मिनिटांत काम होते, टाका लागत नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून खात्री करायची, एवढेच पथ्य. पुरुषत्वाचे संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, त्या नलिकेतून जात नाही. त्यामुळे ‘गड्याची ताकद जाते’ या समजुतीला काही आधार नाही. वीर्याचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच राहते.

मग हे असे का झाले? उत्तर इतिहासात आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशात पुरुष नसबंद्याच अधिक होत होत्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुरुषांना धरून नेऊन केलेल्या नसबंद्या हा १९७७च्या निवडणुकीत सरकार पडण्यामागचा एक मोठा मुद्दा ठरला. सक्ती वाईटच होती आणि लोकांनी दिलेला धडा योग्यच होता. पण त्यानंतर खात्याचे नाव ‘कुटुंब नियोजन’चे ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि सगळा भार बायकांकडे वळला. उद्दिष्टे राहिली, शिबिरे राहिली, फक्त टेबलावरची माणसे बदलली.

नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली. किमान १३ जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. पुरुषांच्या देहावर सक्ती झाली तेव्हा दिल्लीचे सरकार बदलले. बायकांचे जीव गेले तेव्हा न्यायालयाचा एक आदेश निघाला आणि गावोगाव ऑपरेशने बायकांचीच होत राहिली.

उसाच्या फडातले गर्भाशय

दिवाळीनंतर सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि दिवस चुकला तर खाडा धरला जातो. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला, राहायला पाल, शौचालय नाही, पाणी लांब. पाळीत पोट दुखले तरी खाडा परवडत नाही. राज्य सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.

‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे त्यांना सांगितले जाते. पण अंडाशयांसह गर्भाशय काढले की ऐन तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. फडाजवळ शौचालय आणि पाणी देणे, पाळीच्या दिवसांत खाडा न धरणे, हे कारखान्याला आणि मुकादमाला करता येण्यासारखे होते. व्यवस्था होती तशीच राहिली आणि बाईचा अवयव गेला. साखरेच्या भावाची चर्चा करताना आपल्या भागाने ही गोष्टही मोजायला हवी, कारण तो ऊस आपल्या फडातला असतो.

कुंकू आणि गोकुळनगर

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या, सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला: पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हा आदर्श घेण्याचे परिपत्रक काढले. बायको गेल्यावर नवऱ्याच्या अंगावरून काय उतरवतात? काहीच नाही. वर्षाच्या आत स्थळे येऊ लागतात.

हा प्रश्न या मातीला नवा नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी जोतीरावांसह १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेला दिवस गेले तर कलंक तिला आणि मूल जगले तर पाप तिचे, पुरुष नामानिराळा. फुले दांपत्याने त्या बाईला दार उघडले आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. अशाच अन्यायावर ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तान्हे मूल मारलेल्या विधवेला शिक्षा करणारा समाज त्या मुलाच्या बापाला विचारतही नाही, हाच त्यांचा संताप होता.

सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांबाबत आजही तेच चालते. मीना सेशू यांनी १९९२ साली सुरू केलेल्या ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एड्सच्या साथीत रोग पसरवणाऱ्या म्हणून बोट या बायकांकडे गेले. गिऱ्हाईकाकडे गेले नाही. त्याच बायकांनी निरोधाचा आग्रह धरून साथ आवरायला मोठी मदत केली. छापा पडला की फोटो त्यांचे छापले जातात, इच्छा न विचारता सुधारगृहात त्यांना पाठवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२च्या आदेशात सांगितले की सज्ञान बाई स्वेच्छेने हा व्यवसाय करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, आणि तिलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. फसवून आणलेल्या मुलीची सुटका झालीच पाहिजे. पण सज्ञान बाईची इच्छा कोणीतरी विचारली पाहिजे, एवढीच या परिषदेची मागणी आहे.

इच्छा विचारण्याचा हाच नियम घराच्या आत मात्र कायद्यालाही लागू करवत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्याने केलेली बळजबरी अजूनही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. सप्टेंबर २०२२च्या निकालाने गर्भपाताच्या कायद्यापुरती ती बलात्कार मानली. म्हणजे त्या बळजबरीतून राहिलेला गर्भ पाडायचा हक्क बाईला आहे. बळजबरी करणाऱ्याला बलात्काराची शिक्षा मागण्याचा हक्क मात्र नाही.

आता करायचे काय?

याच मुलखाने १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालवले. तेव्हा आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या सरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने लावली, बायकांना छळणाऱ्यांना शासन केले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्तांना एकत्र केले आणि मागणी केली की नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड द्या. अन्न मिळवायलासुद्धा नवऱ्याचे नाव लागते, हे त्यांनी उघड्यावर आणले. इथे बदल वरून आलेला नाही. तो इथल्याच माणसांनी, रस्त्यावर उतरून, घडवला आहे.

म्हणून करायच्या गोष्टीही इथूनच सुरू होऊ शकतात. दोन मुलांनंतर ऑपरेशन नवऱ्याने करून घ्यावे. गावचे सरपंच, शिक्षक, डॉक्टर यांनी आधी करून घ्यावे आणि उघडपणे सांगावे. दवाखान्यांनी ‘गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे’ अशी पाटी गर्भलिंग निदानाच्या पाटीशेजारी लावावी. लिंग निवडणाऱ्या साखळीवर धाडी घालाव्यात, पण कायदेशीर गर्भपाताचे दार बंद करू नये. कारखान्यांनी ऊसतोड बायकांच्या शौचालयाची आणि पाळीच्या रजेची जबाबदारी लेखी घ्यावी. आणि भावांनी हक्कसोडपत्राचा कागद बहिणीसमोर ठेवणे थांबवावे, कारण मुलीच्या वाट्याला खरोखर जमीन येईल त्या दिवशी गर्भातल्या मुलीचा हिशोब बदलायला सुरुवात होईल.

१ मे २०२४पासून महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिणे सुरू झाले आहे. चांगले पाऊल आहे. पण आईचे नाव कागदावर येणे ही सुरुवात झाली. आई व्हायचे की नाही, कधी व्हायचे, किती वेळा व्हायचे, हे त्याच नावाच्या बाईने ठरवायचे आणि तिच्या एकटीच्या सहीवर ते ठरायचे. पुरुषाच्या देहाबाबत ही गोष्ट आपण न सांगता मान्य केलेली आहे. तिच्या देहाबाबत ती मान्य करणे, यापलीकडे समतेचा वेगळा अर्थ नाही.